दोन पेडांचा पीळ

आमच्या घरात माझ्या केसांना नाव होतं, काथ्या. ते आत्तीनं ठेवलेलं. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती जयसिंगपूरहून उचगावला माहेरी आली आणि आल्या दिवसापासून घर तिच्या शब्दावर चालू लागलं. सकाळी शाळेआधी मी फणी घेऊन पायरीवर बसले की आतून तिचा आवाज यायचा, “बसली काथ्या कुटत.” आबा, म्हणजे माझे वडील, त्यावर हसायचे. मोठ्यानं नाही, मिशीतल्या मिशीत, पण हसायचे. आई चुलीपुढं असायची. ती हसायची नाही. भाकरी थापायचा आवाज तेवढा जरा वाढायचा.

केस माझे आईवर गेले होते. ओले असताना ओढून धरले तर कमरेला लागायचे आणि सोडले की कानाशी येऊन बसायचे, इतके कुरळे. आईचेही तसेच, पण ते फारसे कुणी बघितलेच नव्हते, कारण आत्ती घरात आल्यापासून आईच्या डोक्यावरचा पदर ढळला नव्हता. आई शाहूवाडीकडच्या डोंगरातली. आत्तीच्या मते तिकडून तांदूळ यावा, लाकूड यावं, सून येऊ नये. ती आईला ‘करवंदीची जाळी’ म्हणायची आणि माझ्या डोक्याकडं बघून, “जाळीला दुसरं काय लागणार,” म्हणायची.

रविवारी माझी वेणीफणी आत्ती स्वतः करायची. आईच्या हातानं लाड होतात, असं तिचं म्हणणं. मला दोन गुडघ्यांत दाबून बसवायची आणि कोरड्या केसांत बारीक दातांची फणी घालून टाळूपासून खाली ओढायची. फणी अडली की चूक केसांची, आणि केस माझे, म्हणून माझी. फणीचा दात मोडला तर तीच फणी उलटी करून माझ्या बोटांच्या पेरांवर मारायची. मग तेलानं चप्प बसवलेल्या दोन तीनपेडी वेण्या, वर दुमडून लाल रिबिनी. दुपारपर्यंत त्या वेण्या फुगून रिबिनीतून बाहेर यायच्या आणि शाळेत बाई सगळ्या वर्गापुढं विचारायच्या, “घरात फणी नाही का गं तुमच्या?”

माझी नात सई हल्ली राजारामपुरीतल्या आमच्या घरात आरशापुढं मोबाईल उभा करून बसते. केस तिलाही हेच मिळालेत. कुठल्या तरी लांबच्या देशातली एक बाई त्या मोबाईलमध्ये स्वतःच्या केसांचे भाग पाडते, एकेका भागाचे दोन पेड करते आणि ते एकमेकांवर पिळत जाते. सई तिचं बघून तसंच करते. मला म्हणाली, “आजी, ह्याला टू स्ट्रँड ट्विस्ट म्हणतात.” मी म्हटलं, “आमच्यात पीळ म्हणतात. आणि तुझा उलटा चाललाय, सकाळपर्यंत सुटणार.” ती हसली आणि मग तिनं विचारलं, “तुला कुणी शिकवलं?” काहीतरी गोड ऐकायला मिळेल, असं तिला वाटलं असणार. गोड काही नाही त्यात. म्हणून तिला तोंडानं सांगितलं नाही, इथं लिहिते.

आमचं घर गावाच्या कडेला होतं. पहाटे डेअरीच्या किटल्यांचा खडखडाट, मग आबांच्या फौंड्रीचा भोंगा, मग आत्तीचं खाकरणं. दिवस या क्रमानं सुरू व्हायचा. आत्ती उठली की घरातलं बोलणं बारीक व्हायचं. तिच्या हाताला चव होती, हे मला सांगायला आवडत नाही, पण खरं आहे. तव्यावर मिरच्या, लसूण आणि मीठ तांब्याच्या बुडानं रगडून ती खर्डा करायची, तसा मी परत कुठं खाल्ला नाही. तो कुणाला किती वाढायचा, हेही तीच ठरवायची. आबांना ढीगभर, मला बोटभर. आई शेवटी तवा पुसून घ्यायची.

त्या वर्षी घरात एकामागून एक वाईट घडलं. फौंड्रीत आबांचं बोट साच्याखाली सापडलं आणि पेरापासून गेलं. म्हशीनं गाभ टाकला. आत्ती रोज तिन्हीसांजेला दिवा लावून कोड्यात बोलायची, “कुणाचं तरी देणं राह्यलंय. देवी मागती आणि आपल्याला ऐकू येईना झालंय.” आबा मान हलवायचे. ती कारण शोधत होती, आणि माणूस इतक्या नेटानं शोधायला लागलं की त्याला सापडतंच.

मग मी आजारी पडले. विषमज्वर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं. आई मला तांदळाची पेज आणि मुगाचं कढण भरवायची. पण आत्तीनं पहिल्याच दिवशी बजावलं, “डोक्याला पाणी नगं, फणी नगं. ताप मेंदूत चढंल.” मी आठवड्यामागून आठवडे त्याच उशीवर त्याच कुशीवर पडून राहिले. अशा तापात केस गळतात. सरळ केसांच्या माणसाचे उशीवर पडतात. माझ्यासारखीचे पडत नाहीत, ते बाकीच्या केसांच्या वळ्यांत अडकतात आणि न गळलेल्यांना धरून बसतात. त्यात घाम, त्यात उशीची घासण. ताप उतरला तेव्हा मानेवर, केस सुरू होतात तिथं, मुठीएवढा एक गोळा झाला होता. घोंगडीसारखा घट्ट, बोट शिरत नव्हतं.

तो आत्तीला दिसला. मी भिंतीला टेकून पेज पीत होते, ती मागून गेली आणि थांबली. वाकून तिनं तो गोळा दाबून बघितला. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. त्यावर भीती नव्हती. हरवलेलं जनावर दावणीला परत आल्यावर माणसाच्या तोंडावर जे येतं ते होतं. “सापडलं,” ती म्हणाली आणि आबांना हाक मारली. “दत्तू, हिकडं ये. बग. जट आलीया पोरीला.”

जट म्हणजे काय, हे आमच्याकडच्या पोरींना सांगावं लागत नसे. केस आपोआप गुंतून त्याची दोरी झाली की ती देवीची खूण मानायची. तिला फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही. मग पोरीच्या गळ्यात माळ घालून तिला देवीला सोडायचं. माळ पडली की लग्न नाही, शाळा नाही. परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा, आणि बाकी जे काय वाट्याला येईल ते मुकाट्यानं घ्यायचं. तशी एक जोगतीण दर मंगळवारी आमच्या गल्लीत यायची. रायव्वा तिचं नाव. सीमेकडची होती, बोलताना मधेच कानडी यायची. तिच्या कपाळावरून खांद्यावर तपकिरी जट लोंबायची, आणि आम्ही पोरं तिच्या वाटेतून बाजूला व्हायचो.

आत्तीनं माझ्या डोक्यावर भंडारा ओतला आणि त्या दिवसापासून माझी तऱ्हाच बदलली. पहिलं ताट मला. माझ्या आधी आबाही जेवत नसत. गल्लीतल्या बायका येऊन पायाला हात लावायच्या, कुणी पोराचं दुखणं सांगायची, कुणी नवऱ्याचं. काथ्या म्हणणारी आत्ती मला ‘आई’ म्हणायला लागली. मला तिचं काथ्या बरं वाटायचं. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसेना. हळदीत घाम मिसळून मानेवर खाज सुटायची, वास यायचा, आणि खाजवायला हात वर नेला की आत्ती तो धरायची. “हात लावू नगंस. तुजं न्हाय ते आता.”

माझ्या डोक्यावरचं, आणि माझं नाही. साठी ओलांडली तरी हे वाक्य मला गिळता आलेलं नाही. लोक मला सांगतात, जुनी माणसं होती, श्रद्धा होती त्यांची. असेल. पण तिची स्वतःची पोर, रत्ना, जयसिंगपुरात लहान असताना तिच्या डोक्यात असाच गुंता झाला होता. तो आत्तीनं कात्रीनं कापून उकिरड्यावर टाकला होता. आईला ते ठाऊक होतं. मला नंतर कळलं.

आईनं आबांना एकदाच विचारलं. सकाळची पाळी होती, ते डबा घेऊन दारात चप्पल घालत होते. आई म्हणाली, “अवो, गुंता हाय त्यो. तापातला गुंता. मला सोडवू द्या.”

“आक्का म्हणती ते खोटं म्हणंल व्हय?”

“पोर कुणाची हाय?”

आबांनी तुटक्या बोटाकडं बघितलं. “आणि उद्या काय झालं म्हंजे?” म्हणाले, आणि गेले. भोंगा वाजला तेव्हा आई अजून दारातच होती.

मार्गशीर्षाच्या पुनवेला मला माळ घालायला देवीच्या डोंगरावर न्यायचं ठरलं. आत्तीनं हिरवं लुगडं आणून ठेवलं. तेव्हा आई पहिल्यांदा खोटं बोलली, आणि चांगलं बोलली. पदर सारखा करून आत्तीला म्हणाली, “वन्सं, आमच्या डोंगरातल्या देवाला एकदा पोर दाखवून आणतो. माहेरचा देव रुसाय नगं.” देवाचं नाव काढल्यावर आत्तीला नाही म्हणता येईना. “जा,” म्हणाली, “पण पुनवंच्या आत ये. आणि केसाला धक्का लागला तर परत येऊ नगंस.” एसटीनं शहर सोडलं, तशी आईनं डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर टाकला. वाऱ्यानं तिचे केस उभे राहिले. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. मला ती अनोळखी वाटली आणि जरा भीतीही वाटली.

शाहूवाडीला भाताची मळणी चालली होती. खळ्यावर पेंढ्यांचे ढीग, हवेत कोंडा, चुलीवर हुलग्याचं माडगं. माझा आज्जा, आईचे वडील, खळ्याच्या कडेला बसून अंबाडीचा दोर वळत होता. त्यानं माझी मान बघितली आणि आतून कात्री आणली. आईनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

“कापायची न्हाय.”

“का? देवी येती का काय भांडाय?”

“कापली तर म्हणतील, भिऊन कापली, आता घरावर कोप व्हईल. उद्या म्हस मेली तरी हिच्या डोक्यावर येणार. सोडवली तर ती जट नव्हतीच. सुटंल ती जट कसली?”

आज्जानं तिच्याकडं बघितलं, कात्री परत नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन पुन्हा दोर वळायला लागला.

आई मला उन्हात पाटावर बसवायची आणि आपण मागं जोत्यावर बसायची. आधी रिठ्याच्या पाण्यानं भंडारा धुतला, पिवळं पाणी मातीत किती वेळ जात राहिलं. मग जास्वंदीची पानं पाण्यात चुरून त्यांचा बुळबुळीत रस, त्यात खोबरेल, आणि तो गोळ्यात बोटांनी मुरवत राहायचं. “कोरड्या केसाला हात लावायचा न्हाय,” ती म्हणायची, “आणि वरनं कधी ओढायचं न्हाय. टोकाकडनं यायचं. मुळाला मुठीत धरायचं, म्हंजे ओढ मुठीला बसती, डोक्याला न्हाय.” विणायच्या सुईचं टोक गोळ्याच्या कडेत घालून ती एक केस सोडवायची, मग त्याच्या शेजारचा. मेलेला केस हाताशी यायचा, तो बाजूच्या सुपात टाकायची. दिवसभरात नखाएवढी जागा मोकळी व्हायची.

हे सगळं मायेनं चाललं होतं असं कुणी समजू नये. आई त्या दिवसांत तापलेल्या तव्यासारखी होती. मी रडले की म्हणायची, “रडायचं आसंल तर मान न हलवता रड.” एकदा मी म्हटलं, राहू दे, जाते मी देवीकडं, दुखतंय. तिनं मला थोबाडीत मारली. मग सुई उचलली आणि तिथूनच पुढं सुरू केलं. खळ्यावरच्या बायका बघायच्या, कुजबुजायच्या. एक म्हणाली, जटंला हात लावलास, हात झडतील. आई मान वर न करता म्हणाली, “झडले तर तुज्याकडं मागाय येत न्हाय.”

गोळा सुटला तेव्हा संध्याकाळचं ऊन होतं. आईनं बोटं मानेपासून टोकापर्यंत नेली आणि ती कुठं अडली नाहीत. तिनं दोनदा तसं केलं. मग सुपातल्या केसांकडं बघत बसली; मांजराएवढा ढीग झाला होता. डोक्यावर उरलेले केस मी चाचपले, मानेवर विरळ होते, मोडलेले होते, पण एकेकटे होते.

आता ते पुन्हा गुंतू द्यायचे नव्हते. तीनपेडी वेणी त्या मोडक्या केसांत टिकेना, बाजूनं निसटायची. आईनं तिच्या लहानपणची रीत काढली. ओलसर केसांचे फणीच्या टोकानं चौकोन पाडले, शेतातल्या वाफ्यांसारखे. एक चौकोन घ्यायचा, बाकीचे बांधून ठेवायचे. त्याला रस चोळायचा, त्याचे दोन सारखे पेड करायचे. आज्जा तिकडून बघत होता. हातातला दोर वर करून मला म्हणाला, “हे बग. एकाच अंगानं पिळलं तर सोडलं की उलगडतं. पेड उजवीकडं वळायचा आणि दोन पेड एकमेकांवर डावीकडं टाकायचं. मग ह्यो सुटाय बघतो तवा त्यो आवळतो. दोघं एकमेकाला धरून बसत्यात.” आईनं तसंच केलं. प्रत्येक पेड बोटांत उजवीकडं वळत, एकावर एक डावीकडं टाकत टोकापर्यंत. टोक बोटाभोवती गुंडाळून सोडलं की ते आपोआप आत वळून बसायचं. ज्या टोकाला केस कमी तिथं काळा दोरा. निजताना जुन्या धोतराचं मऊ फडकं डोक्याला. पहिल्या दिवशी पीळ टाळूला जरा ओढतात, दुसऱ्या दिवशी सैल पडतात. सोडवायचे तर केस पूर्ण वाळल्यावर, बोटांना तेल लावून, खालून वर. सईच्या मोबाईलमधली बाई नेमकं हेच सांगते. ती आरशापुढं हसत सांगते, एवढाच फरक.

डोकंभर पीळ घालून, वर फडकं बांधून मी पुनवेच्या आधी उचगावला परतले. अंगणात बायका जमल्या होत्या. डोंगरावर जायची तयारी ठरवायला आत्तीनं रायव्वालाही बोलावून घेतलं होतं. ती परडी पुढ्यात घेऊन तुळशीजवळ बसली होती. आबाही घरी होते, खांबाला टेकून. आम्ही दारातून आत आलो तशी आत्ती पुढं आली आणि तिनं माझ्या डोक्यावरचं फडकं ओढलं.

डोक्यावरून ते सगळे पीळ खाली आले. मग आत्तीनं दोन्ही हात जोडले. “बगा,” ती म्हणाली. “एक घिऊन गेलती. डोकंभर घिऊन आली.” मागून कुणीतरी भंडारा टाकला. तो माझ्या डोळ्यांत गेला. बायका जमिनीला डोकं टेकायला लागल्या.

पीळ जटांसारखे दिसतील, हे आईच्या ध्यानातच आलं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं. पण ती गडबडली नाही. पिशवीतली लाकडी फणी काढून तिनं माझ्या हातात दिली. “शाले,” म्हणाली, “सोड.”

“हात लावू नगंस,” आत्ती म्हणाली.

मी एका पिळाचं टोक धरलं आणि उलटं फिरवलं. दोन पेड वेगळे झाले, मग त्यांचे केस वेगळे झाले, आणि भंडाऱ्याची भुकटी माझ्या खांद्यावर सांडली. मी टोकाकडून फणी घातली आणि वर आणली. ती गेली. दुसरा पीळ सोडला. तिसरा सोडला. बायकांनी डोकी वर केली. आत्ती आबांकडं बघून म्हणाली, “दत्तू, धर तिला.” आबा खांबापासून हलले आणि तिथंच थांबले.

आई तेव्हा बोलली. आत्तीपुढं तिचा आवाज मी पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला. “तुमच्या रत्नाच्या डोक्यात गुंता झालता, वन्सं. तुमी कात्री लावली. तवा देवी कुठं होती? का तिला बी जयसिंगपूरची पोर नगं होती, शाहूवाडीचीच पायजे होती?”

आत्तीचा चेहरा राखेसारखा झाला. “तोंड आवर,” एवढंच म्हणाली.

मी मानेवरच्या पिळाशी आले होते. जिथं गोळा होता तिथले केस मोडके, आणि फणी अडली. ती अडलेली सगळ्यांना दिसली. आत्तीनं श्वास घेतला, मला ऐकू आला. आई पुढं यायला लागली. मी म्हटलं, “थांब. मी सोडवतो.” कोल्हापूरकडच्या आम्ही पोरी असंच बोलतो, पोरांसारखं. मी मूळ मुठीत धरलं, जिभेवर बोटं ओली केली आणि टोकाकडून एकेक केस बाजूला केला. सगळं अंगण माझ्या मानेकडं बघत होतं. मला त्या सगळ्यांचा राग आला होता, पाया पडणाऱ्यांचा जास्त. फणी सुटली आणि खाली आली.

रायव्वा उठली. ती माझ्याजवळ आली आणि तिनं मानेवरचे केस बोटांत धरून वरपासून खालपर्यंत बघितले. तिच्या जटेचा उग्र वास माझ्या नाकात गेला, तोच वास थोड्या दिवसांपूर्वी माझ्या उशीला होता. “जट न्हवं ही,” ती आत्तीला म्हणाली. “केस हायत. ह्या पोरीला माळ मी घालणार न्हाय.” मग आईकडं वळली. आईच्या सुईनं चिरलेल्या बोटांकडं बघत राहिली. “यव्वा,” म्हणाली, “माजी आई बी अशी बसली असती तर.” परडी डोक्यावर घेतली आणि शिधा न घेता निघून गेली. आम्ही पोरं तिच्या वाटेतून बाजूला व्हायचो, ते मी त्या दिवसापासून बंद केलं. पण तिच्यासाठी याहून जास्त कुणीच काही केलं नाही, मीही नाही.

आत्तीनं हार मानली असं वाटत असेल तर तसं झालं नाही. बायका पांगल्यावर ती आबांना म्हणाली, “देवीचा अपमान केला हिनं. ही माज्या चुलीला शिवायची न्हाय.” पुढं मरेपर्यंत तिनं आईच्या हातचं पाणी घेतलं नाही. गावात कुणाचं काही वाईट झालं की आमच्या दाराकडं बघून कडाकडा बोटं मोडायची. मी तिच्या मयताला गेले, रीत म्हणून. रडले नाही. सई म्हणते, आजी, किती वर्षं झाली, सोडून दे. मी तिला म्हटलं, केस सोडवायला शिकवीन, हे नाही.

त्या संध्याकाळी आईनं भांडण वाढवलं नाही. तिनं परसात गोठ्याच्या पलीकडं विटा मांडल्या, माहेरहून आणलेले तांदूळ आणि पीठ तिकडं नेलं आणि वेगळी चूल पेटवली. जळण ओलं होतं, धूर आमच्या डोळ्यांत जात होता. पलीकडून, घरातून, आत्तीच्या तव्यावरच्या मिरच्यांचा वास येत होता. आबा आधी तिकडंच जेवायला बसले. मी बघितलं. त्यांनी ताटावर बसून इकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

मग थोड्या वेळानं ते उठून आले. हातात रिकामं ताट होतं. तिकडं जेवले की नाही, ठाऊक नाही. आईनं त्यांना बसा म्हटलं नाही. ते पेंढीवर बसले. आईनं त्यांच्याकडं न बघता भाकरी ताटात टाकली. माझे केस मोकळे होते, आईला ते पुन्हा वळायला वेळच झाला नव्हता, ते खांद्याभोवती पसरून उभे राहिले होते. आबा त्यांच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, “दुखतंय का गं अजून?”

इतक्या दिवसांत त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. आईनं हातातला फुंकणीचा तुकडा खाली ठेवला आणि वाट बघितली. आबाही वाट बघत होते.

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि आईला म्हटलं, “चटणी वाढ.”